कर्नलचे ॲड्रेस गळतात कुठून आणि ते पकडायचे कसे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका औद्योगिक गेटवेवर एक्स८६-६४ लिनक्स चालते आणि त्यात कंपनीचा स्वतःचा एक ड्रायव्हर आहे. बाहेरच्या सुरक्षा तपासणीत ‘कर्नल ॲड्रेस उघड होतो’ (म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा मेमरीतला पत्ता बाहेर दिसतो) एवढाच शेरा आला, कुठे ते लिहिलेले नाही. प्रश्नकर्त्याने कर्नलच्या सोर्सबरोबर येणारी ‘लीकिंग ॲड्रेसेस’ ही पर्ल स्क्रिप्ट रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालवली आणि हजारो ओळी निघाल्या. त्यातल्या खऱ्या कोणत्या हे कसे ओळखायचे? आणि स्क्रिप्टला काही दिसलेच नसेल तर?

दुसरा प्रश्न पहिल्याहून महत्त्वाचा आहे, पण आधी पहिल्याकडे वळतो.

तुमच्या निकालातल्या बहुतेक ओळी रूट असल्यामुळे आल्या आहेत. रूटला ‘/प्रोक/कॅलसिम्स’ उघडले तर प्रत्येक चिन्हाचा (कर्नलमधल्या फंक्शनच्या किंवा डेटाच्या नावाचा) खरा पत्ता दिसू शकतो, आणि डेस्कटॉपच्या कर्नलमध्ये अशी चिन्हे लाखाच्या घरात असतात. ती गळती नाही. ज्याच्या हातात आधीच सगळ्या किल्ल्या आहेत, त्याला कुलूप कुठे आहे हे कळले म्हणून काही बिघडत नाही. प्रश्न आहे तो साध्या वापरकर्त्याचा: वेब सर्व्हरची प्रक्रिया कोणाच्या ताब्यात गेली, तर त्या प्रक्रियेला काय वाचता येते? म्हणून एक नवा, कोणत्याही खास ग्रुपमध्ये नसलेला वापरकर्ता तयार करा आणि त्याच्या नावाने स्क्रिप्ट पुन्हा चालवा. माझा अंदाज आहे की हजारोंच्या दहा-वीस ओळी होतील. शक्य असेल तर तुमची सेवा ज्या नावाने चालते त्या वापरकर्त्यानेही एकदा चालवा, कारण त्याला तुमच्या डिव्हाइस फायलींची परवानगी असते आणि नव्या वापरकर्त्याला नसते.

एक गोंधळ इथेच दूर करतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांचा तो असतो. ‘मेमरी लीक’ म्हणजे घेतलेली मेमरी परत न करणे, आणि त्यासाठी ‘केमेमलीक’ हे वेगळे साधन आहे. इथे मेमरी वाया जात नाही. इथे मेमरीचा पत्ता बाहेर पडतो. केमेमलीक चालवून ‘सगळे स्वच्छ आहे’ असे उत्तर तपासनिसांना पाठवलेले मी पाहिले आहे. त्या अहवालाचा या शेऱ्याशी काहीही संबंध नव्हता.

आता पत्ता बाहेर पडला तर एवढे काय, हे नीट समजून घ्या, म्हणजे कोणत्या ओळीवर वेळ घालवायचा ते कळेल. लिनक्सच्या ३.१४ आवृत्तीत, २०१४ साली, एक्स८६ साठी ‘केएएसएलआर’ (कर्नलची मेमरीतली जागा यादृच्छिक ठेवण्याची सोय) आले आणि २०१७ च्या ४.१२ पासून ते मूळ सेटिंगमध्येच चालू असते. दर बूटला कर्नल वेगळ्या जागी बसतो. पण ही जागा १ जीबीच्या पट्ट्यात आणि २ एमबीच्या पायऱ्यांवरच असते, म्हणजे जास्तीत जास्त ५१२ पर्याय. शिवाय अख्खा वाडा उचलून दुसऱ्या जागी ठेवावा तसे हे आहे: आतल्या खोल्यांची मांडणी बदलत नाही. एका खोलीचा पत्ता कळला की माजघर, कोठी, देवघर सगळे कळले. म्हणून एका फंक्शनचा एक पत्ता गळला तरी पूर्ण केएएसएलआर गेले असे समजायचे. ‘एकच तर आहे’ हा युक्तिवाद इथे चालत नाही.

स्क्रिप्ट काय करते ते पाहा. टोबिन हार्डिंग यांनी ती लिहिली आणि २०१७ मध्ये ती सोर्समध्ये आली. ती ‘/प्रोक’ आणि ‘/सिस’ खालच्या, म्हणजे कर्नल आपली माहिती जिथे दाखवतो त्या फायली वाचत जाते, डीमेसेजचा (कर्नलच्या संदेशांचा) लॉगही पाहते आणि एक आकार शोधते: चार वेळा ‘एफ’ आणि पुढे बारा हेक्स अंक. एवढेच. तिला अर्थ कळत नाही, आकार कळतो. त्यामुळे त्या आकाराचे काहीही तिच्या जाळ्यात येऊ शकते. प्रत्येक प्रक्रियेच्या मॅप्स फाइलमध्ये शेवटी येणारा ‘व्हीसिस्कॉल’चा पत्ता सगळ्या यंत्रांवर तोच असतो, त्यात गुपित काही नाही. स्टेटस फाइलमधले सिग्नलचे मास्क (बिटांचे नमुने), कीबोर्डच्या बटणांचे बिटमॅप हेही तसेच दिसतात. यातले नेहमीचे नमुने स्क्रिप्ट स्वतःच गाळते, पण तुमच्या हार्डवेअरचे रजिस्टर मास्क तिला कुठून माहीत असणार?

गाळणीसाठी मी दोन कसोट्या वापरतो. पहिली अगदी साधी आहे: यंत्र रीबूट करा, त्याच वापरकर्त्याने पुन्हा तपासा आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवा. मास्क आणि ठरावीक पत्ते जसेच्या तसे राहतात. खरा कर्नल पत्ता बदलतो. तीन बूट केले तर शंका उरतच नाही. दहा-वीस ओळींतून दोन-तीनच उरतील, आणि त्याच तुमच्या कामाच्या.

दुसरी कसोटी उरलेल्या ओळींसाठी. २ एमबीच्या पायऱ्यांमुळे कर्नलच्या फंक्शनच्या पत्त्याचे शेवटचे पाच हेक्स अंक केएएसएलआरमुळे कधीच बदलत नाहीत. समजा फाइलमध्ये एका पत्त्याचा शेवटचा भाग ‘९सीए३सी१२०’ दिसला. त्याच बिल्डच्या ‘सिस्टम मॅप’ फाइलमध्ये (चिन्हे आणि त्यांचे मूळ पत्ते यांच्या यादीत) ‘३सी१२०’ ने संपणारी ओळ शोधा. तिथे ‘८१ए३सी१२०’ मिळाले, तर दोहोंची वजाबाकी ‘१बी००००००’ येते, आणि ती २ एमबीच्या बरोब्बर २१६ पट आहे. म्हणजे हे फंक्शन ओळखले गेले आणि कर्नल किती सरकला तेही कळले. हल्लेखोर नेमके हेच करतो, त्याला दोन मिनिटे लागतात. ही वजाबाकी तुमच्या अहवालात घाला. व्यवस्थापनाला ‘इन्फर्मेशन डिस्क्लोजर’ या शब्दाने जे कळत नाही, ते या एका वजाबाकीने कळते.

नेमके कोणते फंक्शन ते न कळले, तरी पत्त्याचा पुढचा भाग कूळ सांगतो. आठ ‘एफ’ नंतर ८ ते बी यांपैकी अंक असेल तर मूळ कर्नलचा कोड किंवा डेटा. आठ ‘एफ’ नंतर ‘सी’ किंवा पुढचा अंक आला, तर बहुधा मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये नंतर लोड केलेला भाग. तुमचा ड्रायव्हर मॉड्यूल असेल तर त्याचे पत्ते इथे येतील, आणि तिथे शेवटचे तीनच अंक स्थिर असतात. चार ‘एफ’ नंतर लगेच ८, ९ असे काही असेल, तर ते हीपमधल्या (गरजेप्रमाणे मागून घेतलेल्या मेमरीतल्या) एखाद्या ऑब्जेक्टचे घर. हीपचा पत्ता कमी धोक्याचा असे लोक म्हणतात, मला ते पटत नाही. बनावट ऑब्जेक्ट रचून कर्नलला त्याच्याकडे वळवायचे असेल, तर हल्लेखोराला त्याच ऑब्जेक्टचा पत्ता हवा असतो.

रीबूटच्या कसोटीला एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलो आहे. एका एआरएम-६४ बोर्डावर मी तीन वेळा रीबूट करून निकाल जुळवले, पत्ते तेच आले, आणि मी त्यांना मास्क समजून सोडून दिले. ते खरे पत्ते होते. त्या बोर्डावर केएएसएलआरच चालू नव्हते! एआरएम-६४ वर बूटलोडरने डिव्हाइस ट्रीमधून ‘केएएसएलआर-सीड’ हा यादृच्छिक आकडा द्यावा लागतो, किंवा तो ईएफआयकडून मिळावा लागतो. त्या बूटलोडरमध्ये कोणी ते जोडलेले नव्हते. डीमेसेजमध्ये ‘सीड नसल्यामुळे केएएसएलआर बंद’ अशा अर्थाची ओळ पहिल्या सेकंदापासून पडत होती आणि आम्ही कोणीच ती वाचली नव्हती. तेव्हापासून मी गळती शोधण्याआधी बूटची कमांड लाइन आणि डीमेसेजची सुरुवात वाचतो. तुम्हीही आधी ते करा. कमांड लाइनमध्ये ‘नो-केएएसएलआर’ राहिले आहे का? ‘नो-हॅश-पॉइंटर्स’ राहिले आहे का? हा दुसरा पर्याय ५.१२ मध्ये डीबगिंगसाठी आला. तो चालू असेल तर कर्नल बूट होताना मोठी चौकट छापून इशारा देतो, तरीही तो कारखान्यातून बाहेर पडलेल्या यंत्रांत सापडतो. नव्या कर्नलमध्ये ‘स्लब-डीबग’ (मेमरी वाटपातल्या चुका शोधण्याची सोय) चालू केले की हाच पर्याय आपोआप चालू होतो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

या पर्यायाचा अर्थ कळण्यासाठी थोडा इतिहास लागतो. २०१७ पर्यंत कर्नलच्या प्रिंटमध्ये ‘%पी’ (पॉइंटर, म्हणजे पत्ता छापण्याची खूण) लिहिले की खरा पत्ता छापला जाई, आणि सोर्समध्ये असे सुमारे १४ हजार ‘%पी’ होते. एकेक तपासत बसणे अशक्य होते. म्हणून ४.१५ मध्ये ‘%पी’ चा अर्थच बदलला: आता तो पत्त्याचा हॅश (पत्त्यावरून काढलेला, पण पत्ता उघड न करणारा आकडा) छापतो, आणि त्या हॅशची किल्ली दर बूटला नवी असते. ६४-बिट यंत्रावर आधी आठ शून्ये आणि मग आठ हेक्स अंक दिसतात. तुमच्या निकालात असे काही दिसले तर ती गळती नाही, बचाव आहे. ज्यांना खराच पत्ता छापायचा आहे त्यांच्यासाठी ‘%पीएक्स’ ठेवला. ‘चेकपॅच’ ही कोड तपासणारी स्क्रिप्ट त्यावर इशारा देते.

म्हणून सोर्स हातात असेल तर यंत्राआधी सोर्स वाचा. तुमच्या ड्रायव्हरमध्ये ‘%पीएक्स’ शोधा. मग त्याहून कपटी प्रकार शोधा: पॉइंटरला ‘अनसाइन्ड लाँग’मध्ये बदलून ‘%एलएक्स’ने छापलेले. इथे हॅशही मध्ये येत नाही आणि चेकपॅचलाही काही दिसत नाही. जुन्या ड्रायव्हरमध्ये, विशेषतः चिप बनवणाऱ्यांकडून आलेल्या कोडमध्ये, हा प्रकार सर्रास असतो. आणि ४.१५ नंतर ‘लॉगमध्ये पत्ते दिसेनासे झाले’ म्हणून कोणीतरी मुद्दाम सगळीकडे असा बदल केलेलाही मी पाहिला आहे.

माझ्या हाताखालून गेलेली एक गळती सांगतो, कारण तुमचीही तशीच असण्याची शक्यता मला वाटते. एका जुन्या कामात आमच्या ड्रायव्हरची ‘/सिस’ खाली एक स्टेटस फाइल होती, कोणालाही वाचता येणारी. रात्री स्क्रिप्ट चालायची, सकाळी निकाल स्वच्छ. ग्राहकाच्या तपासनिसांनी मात्र गळती दाखवली. आम्ही पुन्हा चालवली, पुन्हा स्वच्छ. दोन दिवस आम्ही त्यांच्याशी वाद घातला. शेवटी मी दुपारी, कामाच्या ऐन गर्दीत, ती फाइल हाताने उघडली. दर जोडणीमागे एक ओळ होती: जोडणीचा क्रमांक, पाठवलेले बाइट, आणि ‘सीटीएक्स’ या नावापुढे चार ‘एफ’ने सुरू होणारा पूर्ण पत्ता. जोडणी असेल तरच ओळ छापली जाई, आणि रात्री एकही जोडणी नसे. आम्ही रिकाम्या घराची झडती घेत होतो. त्या दिवसापासून मी निवांत यंत्रावरचा स्वच्छ निकाल मानत नाही. यंत्रावर खऱ्यासारखा भार टाका, उपकरण जोडा, काढा, जोडणी तोडा, मुद्दाम चूक घडवा, आणि त्या गडबडीत स्क्रिप्ट चालवा. त्रुटीच्या वाटांवर छापलेल्या ओळी सर्वांत निष्काळजीपणे लिहिलेल्या असतात.

आता स्क्रिप्टला न दिसणाऱ्या गळतीकडे येतो. याचे सर्वांत बोलके उदाहरण कर्नलच्याच घरातले आहे. ‘/सिस/कर्नल/नोट्स’ ही फाइल सर्वांना वाचता येते. तिच्यात बिल्डची ओळख वगैरे माहिती असते, आणि झेनचा (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रणालीचा) आधार धरून बांधलेल्या कर्नलमध्ये झेनसाठी सुरुवातीच्या फंक्शनचा पत्ताही असतो. तो पत्ता बूट होण्याआधीच लागतो, पुढे कोणाला नको असतो. पण केएएसएलआर कर्नल सरकवताना बाकी सगळ्या पत्त्यांबरोबर हाही दुरुस्त करून ठेवत होते. म्हणजे केएएसएलआरने स्वतःच आपले गुपित सर्वांना वाचता येणाऱ्या फाइलमध्ये लिहून ठेवले होते. हे २०२४ मध्ये दुरुस्त झाले, सीव्हीई-२०२४-२६८१६ या क्रमांकाने. इतकी वर्षे स्क्रिप्ट ती फाइल वाचत असूनही तिला काही दिसले नाही, कारण पत्ता अक्षरांत नव्हता, कच्च्या बाइटमध्ये होता, तोही उलट्या क्रमाने.

या प्रकरणानंतर कर्नलच्या सुरक्षेवर काम करणारे केस कुक यांनी स्क्रिप्टमध्ये ‘कॅलसिम्स’ नावाचा पर्याय घातला. रूटने वाचलेली चिन्हांची यादी तिला द्यायची, आणि ती बायनरी फायलींमध्ये त्या खऱ्या पत्त्यांचे बाइट शोधते. इथे आकार शोधण्याऐवजी खरा पत्ताच शोधला जातो, म्हणून खोटे इशारे फार कमी. तुमच्याकडे जुनी स्क्रिप्ट असेल तर आजच्या सोर्समधली घ्या, ती जुन्या कर्नलवरही चालेल. यादी रूटने वाचायची, झडती साध्या वापरकर्त्याने घ्यायची, हे मात्र विसरू नका.

त्यानंतर उरतात आयओसीटीएल (प्रोग्रामने ड्रायव्हरला थेट दिलेल्या आज्ञा) आणि सॉकेट. स्क्रिप्ट फायली वाचते, आयओसीटीएल करत नाही. आणि ड्रायव्हरमधली सर्वांत दुर्लक्षित गळती इथेच असते. समजा तुमच्या स्ट्रक्चरमध्ये आधी ३२ बिटांचा आकडा आणि मग ६४ बिटांचा आकडा आहे. कंपायलर दोघांच्या मध्ये ४ बाइटची मोकळी जागा सोडतो. तुम्ही दोन्ही आकडे भरता आणि स्ट्रक्चर वापरकर्त्याकडे कॉपी करता. ती मोकळी जागा कोणीच भरलेली नसते, तिच्यात स्टॅकवर आधी जे होते त्याचे ४ बाइट जातात, आणि ते एखाद्या पॉइंटरचा अर्धा भाग असू शकतात. कोड वाचताना हे दिसत नाही, कारण कोडमध्ये चूक अशी काही लिहिलेलीच नसते. कंसात शून्य लिहून स्ट्रक्चर सुरू केले तरी मोकळी जागा साफ होईलच याची खात्री नाही. कॉपी करायच्या आधी सरळ ‘मेमसेट’ करा, किंवा ती जागा नाव देऊन शून्य भरा.

हे शोधायला मी एक छोटा प्रोग्राम ठेवतो. बफर पूर्ण ‘एए’ने भरायचा, ड्रायव्हरचे प्रत्येक आयओसीटीएल एकदा बोलवायचे, आणि परत आलेल्या बफरमध्ये बघायचे. जिथे ‘एए’ राहिले तिथे ड्रायव्हरने हात लावला नाही. जिथे ठरलेल्या क्षेत्रांबाहेर दुसरे काही आले, तिथे प्रश्न आहे. शंभर वेळा बोलवा, कारण स्टॅकवर काय उरले असेल ते दर वेळी वेगळे असते. याहून पक्के हवे असेल तर ‘केएमसॅन’ आहे. २०२२ च्या ६.१ आवृत्तीत ते मुख्य कर्नलमध्ये आले, क्लँग कंपायलर लागतो, यंत्र खूप मंद होते, म्हणून ते फक्त चाचणीच्या यंत्रावर. न भरलेली मेमरी वापरकर्त्याकडे निघाली की ते ‘कर्नल-इन्फोलीक’ असा अहवाल देते: कोणत्या ओळीने मेमरी घेतली, कोणत्या ओळीने बाहेर दिली, सगळे. ड्रायव्हर तुमच्या हार्डवेअरशिवाय चालत नसेल तर त्याचा आयओसीटीएलचा भाग वेगळा काढून व्हर्च्युअल मशीनवर चालवण्याची मेहनत घ्या. ती वाया जात नाही.

लॉगबद्दल थोडेच. ऊप्स (कर्नलमधली गंभीर चूक) झाला की रजिस्टरमधले पत्ते हॅश न होता छापले जातात, आणि पॅनिकच्या (कर्नल पूर्ण थांबण्याच्या) वेळी तर कर्नल किती सरकला होता तो आकडाच छापला जातो. ‘डीमेसेज-रिस्ट्रिक्ट’ (साध्या वापरकर्त्याला डीमेसेज न दाखवणारे सेटिंग) लावले तरी तोच लॉग डिस्कवरच्या फाइलमध्ये, तिथून लॉग सर्व्हरवर आणि तिथून तिकिटांमध्ये जातो. पॅनिकनंतर यंत्र रीबूट झाले तर तो पत्ता जुना होतो. पण ऊप्सनंतर यंत्र तसेच चालू राहिले, तर लॉगमधला पत्ता अजून जिवंत आहे. त्या फायलींची परवानगी तपासा.

आणि ‘केपीटीआर-रिस्ट्रिक्ट’. ते १ ठेवले की ‘%पीके’ने छापलेले पत्ते अधिकार नसलेल्याला शून्य दिसतात, २ ठेवले की रूटलाही. ते १ तरी ठेवाच. पण ते ‘%पीएक्स’ला लागू होत नाही, ‘%एलएक्स’ला होत नाही, बायनरीला होत नाही. तपासनिसांना ‘आम्ही केपीटीआर-रिस्ट्रिक्ट २ केले’ असे कळवून शेरा मिटवू नका, मूळ ओळ तशीच राहील. आणि ‘%पीके’ लॉगमध्ये वापरू नका: तिथे अधिकार लिहिणाऱ्याचे तपासले जातात, वाचणाऱ्याचे नव्हे.

दुरुस्ती बहुतेक वेळा सोपी असते. स्टेटस फाइलमध्ये पत्ता का छापला होता? दोन जोडण्या वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून. मग जोडणीला क्रमांक द्या आणि तो छापा. कोणते फंक्शन चालू आहे ते हवे असेल तर ‘%पीएस’ने त्याचे नाव आणि ऑफसेट छापा, पत्त्याची गरज नाही. आमच्या त्या फाइलमध्ये बदल एका ओळीचा होता, शोधायला दोन दिवस गेले होते.

शेवटी, तुमची तपासणी खरोखर काही पकडते का हे तपासा. एक चाचणीपुरते मॉड्यूल लिहा जे मुद्दाम तीन ठिकाणी आपला पत्ता सोडते: एक ‘/सिस’च्या फाइलमध्ये अक्षरांत, एक बायनरी फाइलमध्ये, एक आयओसीटीएलच्या मोकळ्या जागेत. ते लोड करून तुमची सगळी झडती चालवा. तिन्ही सापडल्या तरच मॉड्यूल काढून घेतल्यावर येणाऱ्या स्वच्छ निकालाला अर्थ आहे, आणि तोच निकाल भार टाकलेल्या यंत्रावरून, तीन बूटांच्या तुलनेसह, तपासनिसांना पाठवा.